नोंदवहीत मुलगे जास्त, टी-सेल जास्त: रुग्णालयातला बालकांचा ल्युकेमिया कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागातल्या रेसिडेंटने प्रबंधासाठी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलांच्या जुन्या नोंदी काढल्या. मुली मुलग्यांच्या निम्म्याहून कमी निघाल्या. टी-सेलचं, म्हणजे टी लिम्फोसाइटपासून होणाऱ्या ल्युकेमियाचं, प्रमाण पुस्तकातल्यापेक्षा बरंच जास्त आहे. वयाच्या आलेखातला २ ते ५ वर्षांचा उंचवटा (या वयात सर्वाधिक मुलं आजारी पडतात तो) सगळीकडे ठळक सांगतात, तो इथे बसका दिसतो. आपल्याकडचा आजारच वेगळा मानायचा की नोंदीत चूक आहे? आणि नोंदी नव्याने ठेवायच्या तर त्यात काय लिहावं?

डॉक्टर, तुम्हाला दिसलेल्या या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, म्हणून त्या तीन वेगळे निष्कर्ष म्हणून मांडू नका. टी-सेल ल्युकेमिया मुलग्यांमध्ये जास्त आढळतो आणि बी-सेलच्या मानाने मोठ्या वयात येतो. त्यामुळे नोंदवहीत टी-सेल वाढला की मुलगे आपोआप वाढतात, सरासरी वय वर जातं आणि लहान वयाचा उंचवटा चेपलेला दिसतो. पहिलं काम हे करा: बी-सेल एएलएल (लिम्फॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया), टी-सेल एएलएल, एएमएल (मायलॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया) आणि उरलेले, असे चार गठ्ठे करा. प्रत्येक गठ्ठ्याचे वयोगट पाडा: १ वर्षाखालची, १ ते ४, ५ ते ९, १० ते १४. फक्त बी-सेलचा आलेख काढला की तुमचा उंचवटा बऱ्यापैकी परत येईल, असा माझा अंदाज आहे. तो आला नाही तर मग खरोखर शोधण्यासारखं काहीतरी आहे.

आता मुलींचं. बी-सेल गठ्ठ्यातली फक्त १ ते ९ वर्षांची मुलं घ्या. जिथे जवळपास प्रत्येक मूल उपचारापर्यंत पोहोचतं त्या देशांत मुलग्यांमधला दर मुलींच्या साधारण १.२ पट असतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयात १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दोन्ही जमेस धरले तर १०० मुलींमागे सुमारे १३४ मुलगे अपेक्षित धरावेत (१.२ गुणिले १०००, भागिले ८९४). तुमच्याकडे ते २०० च्या वर असतील तर वरचा फरक जीवशास्त्राचा नाही. त्या मुली आजारी पडल्या आणि दवाखान्यापर्यंत आल्या नाहीत, किंवा आल्या आणि मुंबई-पुण्याला रेफर केल्यावर घरी परतल्या. हे प्रबंधात स्पष्ट लिहा. 'मुलग्यांमध्ये आजार जास्त आढळतो' एवढंच लिहून थांबलात तर न पोहोचलेल्या मुली दुसऱ्यांदा पुसल्या जातात. पडताळ्यासाठी त्याच वर्षांतल्या बालरोग वॉर्डातल्या एकूण भरतीत मुलगे-मुली किती होते ते पाहा. न्यूमोनियाच्या भरतीतही तोच कल दिसला तर प्रश्न कर्करोगाचा नाही, घराच्या उंबरठ्याचा आहे.

टी-सेलच्या बाबतीत टक्केवारी फसवते. पाश्चात्त्य पुस्तकांत टी-सेल एएलएलमध्ये शंभरात १० ते १५ लिहिलेला असतो, भारतातल्या मोठ्या केंद्रांच्या मालिकांत तो २० च्या आसपास किंवा वर जातो. पण छेदस्थानी काय आहे ते पाहा. सीडी१० (पेशीच्या पृष्ठभागावरची एक खूण) पॉझिटिव्ह बी-सेलचा लहान वयातला उंचवटा जिथे कमी उंच असतो तिथे टी-सेलची खरी संख्या तेवढीच राहूनही टक्का फुगतो. हा उंचवटा सगळ्या समाजांत एकाच वेळी आलेला नाही. ब्रिटनमध्ये तो १९२०च्या दशकात दिसू लागला, अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांत १९४०च्या दशकात आणि जपानमध्ये १९६०च्या दशकात. ल्युकेमियाचे संशोधक मेल ग्रीव्हज यांची मांडणी अशी की, तान्हेपणी जंतूंशी ओळख न झालेल्या मुलांत पुढे येणाऱ्या साध्या संसर्गाला प्रतिकारशक्ती अवाजवी प्रतिसाद देते आणि गर्भातच तयार झालेल्या पूर्वकर्करोगी पेशींना दुसरा धक्का बसतो. आपल्याकडे हा उंचवटा अजून वर चढत असेल ही शक्यता जमेस धरण्यासारखी आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीवरून मात्र ती सिद्ध होणार नाही. त्यासाठी छेदात लोकसंख्या लागते.

लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी आणि रुग्णालयाची नोंदणी हा फरक प्रबंधाच्या पहिल्याच पानावर हवा. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६०च्या दशकात सुरू झाली आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये. तिथली माणसं ठरलेल्या गावांतल्या प्रत्येक रुग्णाचा माग काढतात, मग त्याने उपचार कुठेही घेतलेले असोत. तुमच्या वहीत फक्त तुमच्या दारातून आत आलेली मुलं आहेत. तिच्यातून 'दर लाखामागे किती' हे कधीच काढू नका. 'आमच्याकडे कोण, कुठून, किती उशिरा आणि कोणत्या अवस्थेत येतं' हे मात्र तिच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

वहीत कोण नाही, ते आता शोधा. बालरोग वॉर्डात १२ वर्षांपर्यंतचीच मुलं घेण्याची पद्धत असेल तर १३-१४ वर्षांची मेडिसिन वॉर्डात गेलेली असणार, त्यांचे पेपर तिथून मागवा. रेकॉर्ड सेक्शनमध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला (आयसीडी) फक्त 'सी९१' (लिम्फॉइड ल्युकेमिया) कोड शोधू नका. सी९२, सी९३ आणि सी९५ हेही काढा. सी९५ मध्ये, म्हणजे 'प्रकार नमूद नाही' या खणात, स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तात) ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या अपक्व पेशी, दिसल्यावर त्याच रात्री गेलेली मुलं सापडतात. त्यांत एएमएलची, विशेषतः रक्तस्रावाने दगावणाऱ्या एपीएलची (एएमएलच्या एका प्रकाराची) मुलं जास्त असण्याचा संभव आहे. पुढे डी६९.३ (आयटीपी, म्हणजे नुसत्या प्लेटलेट कमी होण्याचा आजार), डी६१ (अप्लास्टिक ॲनिमिया) आणि एम०८ (बालसंधिवात) या कोडांखालची मुलंही पाहा. त्यांतली काही वर्षाच्या आत ल्युकेमिया म्हणून परत आलेली असतील. एकच मूल तीनदा भरती झालं तर तीन नोंदी होतात. म्हणून नोंदणी क्रमांकावर विसंबू नका, आईचं नाव, गाव आणि जन्मवर्ष जुळवा.

एकूण बालल्युकेमियात एएलएल शंभरात ७५ ते ८० आणि एएमएल १५ ते २०, ही साधारण विभागणी आहे. उरलेल्यांत सीएमएल आणि विरळा जेएमएमएल. तुमच्याकडे एएमएल १० च्याही खाली असेल तर ती मुलं नोंद होण्याआधी जात आहेत असा संशय घ्या. ३० च्या वर असेल तर फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) न करता, नुसत्या आकारावरून निदान झालंय का ते तपासा. मोठ्या, अनियमित लिम्फोब्लास्टला मायलोब्लास्ट समजण्याची चूक नेहमीची आहे. ऑवर रॉड (पेशीतली काडीसारखी खूण) दिसला तर शंकाच नाही, पण तो प्रत्येक एएमएलमध्ये दिसत नाही. डोळ्यामागे गाठ येऊन डोळा पुढे आलेलं मूल नेत्रविभागात गेलेलं असतं. क्लोरोमाचं (ल्युकेमियाच्या पेशींच्या गाठीचं) हे रूप आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही आणि त्याचा टी(८;२१) या गुणसूत्रांच्या बदलाशी संबंध आहे. नेत्रविभागाचे पेपर म्हणूनच मागवायचे.

तान्ही मुलं वेगळी ठेवा. १ वर्षाखालच्या एएलएलमध्ये बहुतेकांत केएमटी२ए जनुकाची उलथापालथ असते, पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतात आणि सीडी१० निगेटिव्ह असतो. त्यांना १ ते ४ च्या गटात मिसळलंत तर दोन्ही गटांचं चित्र बिघडेल. डाऊन सिंड्रोमची नोंद तर प्रत्येक पेपरवर हवी. या मुलांच्या रक्तात जन्मानंतरच्या आठवड्यांत ब्लास्ट दिसून आपोआप नाहीसे होऊ शकतात, आणि पहिल्या चार वर्षांत त्यांना होणारी एएमएल कमी मात्रेच्या केमोलाही चांगली दाद देते. डाऊन सिंड्रोम लिहायचं राहून गेलं तर उपचारच चुकतो.

नोंदवहीचं चित्र दारातच घडतं, म्हणून निदान कुठे निसटतं हे जरा सविस्तर सांगायला हवं. पहिली जागा म्हणजे सेल काउंटर. मशीन ब्लास्टला 'लिम्फोसाइट' म्हणून मोजतं. रिपोर्टवर छापून येतं: हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी ९,०००, लिम्फोसाइट ८८ टक्के, प्लेटलेट ४०,०००. एकूण काउंट 'नॉर्मल' दिसल्यामुळे कुणी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत नाही. दोन पेशीरेषा (तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट यांपैकी दोन) उतरल्या असतील किंवा मशीनने फ्लॅग दिला असेल, तर काच माणसानेच पाहायची, हा नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावा.

काच नीट हवी. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त दोन तासांच्या आत पसरवा. जास्त वेळ ठेवलं तर केंद्रकं फुगतात आणि प्रौढ लिम्फोसाइटही ब्लास्टसारखी दिसू लागते. स्मिअर पातळ, टोकाला पिसासारखी विरत गेलेली असावी. लिशमन रंग दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफर, पीएच ६.८, आठ ते दहा मिनिटं. बफर आम्लधर्मी झाला तर सगळं गुलाबी दिसतं आणि क्रोमॅटिनचा (केंद्रकातल्या द्रव्याचा) पोत कळत नाही. निदान त्या पोतावरच तर उभं असतं. लिम्फोब्लास्टचं केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापतं. त्याचं क्रोमॅटिन बारीक, एकसारखं पसरलेलं असतं, आणि प्रौढ लिम्फोसाइटमध्ये दिसणारे जाड गठ्ठे त्यात नसतात. भोवती निळसर सायटोप्लाझमची नुसती किनार. संख्या कमी असेल तर पेशी काचेच्या कडांना आणि शेपटाकडे शोधा, मोठ्या पेशी तिकडे ओढल्या जातात.

दुसरी जागा, आणि सगळ्यात महागात पडणारी: स्टेरॉइड. ताप उतरत नाही म्हणून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, सांधे दुखतात म्हणून प्रेडनिसोलोन, प्लेटलेट कमी म्हणून आयटीपी समजून पुन्हा प्रेडनिसोलोन. लिम्फोब्लास्ट स्टेरॉइडने झपाट्याने मरतात. एएलएलच्या अनेक प्रोटोकॉलांत पहिला आठवडा स्टेरॉइडचाच असतो. म्हणजे गावात दिलेल्या त्या गोळ्या अर्धवट केमोथेरपीच असते. मूल चार दिवस बरं दिसतं, मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) रिकामा किंवा गोंधळात टाकणारा येतो, सुरुवातीचा काउंट हरवतो आणि जोखमीचा गट चुकीचा ठरतो. बरं, मोठ्या गाठीच्या मुलात पेशी एकदम फुटून पोटॅशियम वाढतं आणि मूत्रपिंड बंद पडतं, ते वेगळंच. स्टेरॉइड दिलेलं असेल तर औषध, मात्रा, पहिली आणि शेवटची तारीख लिहा, आणि त्याआधीचा काउंट कुठल्याही लॅबमधून मिळवा. जोखीम त्या काउंटवरून ठरवायची. मॅरोत काही सापडलं नाही म्हणून मुलाला घरी सोडून देऊ नका. दर आठवड्याला काउंट आणि काच पाहा, आणि गरज पडली तर मॅरो पुन्हा करा.

संधिवात समजून गेलेली मुलं ओळखण्याची खूण अशी: दुखणं सूज दिसते त्यापेक्षा फार जास्त, रात्री उठवणारं, सांध्यापेक्षा हाडात. ईएसआर वाढलेला असताना प्लेटलेट वाढायला हव्यात, इथे त्या कमी किंवा 'नॉर्मलच्या खालच्या टोकाला' असतात. एक्सरेत गुडघ्याजवळ हाडाच्या टोकाला फिकट आडवी पट्टी किंवा मणके दबलेले दिसू शकतात. आयटीपीचं मूल मात्र खेळतं असतं. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी व्यवस्थित, यकृत-प्लीहा हाताला लागत नाहीत. यातली एक जरी गोष्ट जुळली नाही तर मॅरोआधी स्टेरॉइड नाही.

उलटी चूकही होते, ल्युकेमिया नसताना तो वाटतो. ६ ते १८ महिन्यांचं, जवळजवळ अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ, आई शाकाहारी, बोटांच्या पेरांवर काळेपणा, हातांना कंप, बसायला लागलेलं मूल पुन्हा लोळू लागलेलं, आणि तिन्ही पेशी कमी. हे बहुधा बी१२ची कमतरता असते. काचेवर पाच-सहा पाकळ्यांचे न्यूट्रोफिल दिसतात. अशा वेळी बी१२ आणि फोलेटचा नमुना आधी घ्या आणि मॅरो करायचा असेल तर तोही औषधाआधी करा, कारण एका इंजेक्शननंतर दोन दिवसांत मॅरोचं रूप पालटतं. फोलिक ॲसिडचा हा सगळा धागा मुंबईतूनच निघालेला आहे. ल्यूसी विल्स यांनी इथल्या गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या ॲनिमियावर १९२०च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू केलं. पुढे फोलेटला अडवणाऱ्या ॲमिनोप्टेरिनने १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी मुलांतला ल्युकेमिया पहिल्यांदा तात्पुरता का होईना हटवून दाखवला. बिहार-झारखंडकडून आलेल्या कुटुंबातलं मूल असेल आणि प्लीहा बेंबीखाली उतरली असेल तर काळा आजारही मनात ठेवा.

मॅरो कुठे करायचा यावर माझं मत स्पष्ट आहे. काचेवर ब्लास्ट दिसत आहेत, मूल स्थिर आहे आणि ते मोठ्या केंद्राकडे जाणार आहे, तर तुमच्याकडे मॅरो करू नका. तिथे तो पुन्हा होणारच, मुलाला सुई दोनदा कशाला? रंगवलेल्या दोन आणि न रंगवलेल्या चार काचा, पेन्सिलने नाव-तारीख घालून, सोबत द्या. तुम्हीच करणार असाल तर मागच्या इलियाक क्रेस्टमधून (कमरेच्या हाडाच्या कडेतून) करा. पहिल्या ओढीतले ०.२ ते ०.५ मिली फक्त काचांसाठी. जास्त ओढलंत की मॅरोऐवजी रक्त येतं आणि ब्लास्टचा टक्का खोटा कमी दिसतो. मग सुई थोडी फिरवून फ्लोसाठी २ मिली ईडीटीएमध्ये आणि सायटोजेनेटिक्ससाठी (गुणसूत्रांच्या तपासणीसाठी) २-३ मिली सोडियम हेपॅरिनमध्ये. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली की कॅरियोटाइप (गुणसूत्रांचं चित्र) जातो. नमुना खोलीच्या तापमानाला २४ तासांत पोहोचवा, बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका. शुक्रवारी संध्याकाळी कुरियरला दिलेला नमुना सोमवारी उघडतो, तोवर पेशी मेलेल्या असतात आणि तुमच्या वहीत आणखी एक 'प्रकार नमूद नाही' वाढतो. काहीच ओढलं गेलं नाही तर ट्रेफाइन (हाडाचा बारीक तुकडा) आणि त्याचे ठसे घ्या. रक्तातच भरपूर ब्लास्ट असतील तर फ्लो रक्तावरही होतो.

रेफर करण्याआधी छातीचा एक्सरे न चुकता काढा. टी-सेलमध्ये मेडियास्टिनमची (दोन फुप्फुसांमधल्या जागेतली) गाठ श्वासनळी दाबते. अशा मुलाला झोपेचं औषध देऊन उताणं झोपवणं जीवघेणं ठरू शकतं. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि ताप असेल तर ब्लड कल्चर घेऊन पहिला अँटिबायोटिक तासाभरात द्या, गाडीची वाट पाहू नका. सलाइन पोटॅशियमविना, दर चौरस मीटरला दिवसाला २.५ ते ३ लिटर, आणि ॲलोप्युरिनॉल. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असतील तर हिमोग्लोबिन वाढवण्याची घाई नको, रक्त घट्ट होऊन मेंदूत आणि फुप्फुसात अडकतं. प्लेटलेट मात्र द्यायला हरकत नाही. इतक्या जास्त पेशींत पोटॅशियमचा आकडा नळीतच पेशी फुटून खोटा वाढू शकतो, तेव्हा ईसीजीशी जुळवून पाहा. एपीएलचा संशय आला तर एटीआरए हे त्यावरचं औषध पुष्टीआधीच सुरू करायचं असतं. केंद्राला त्याच मिनिटाला फोन करा.

आता वहीचे रकाने. वय वर्षात नको, महिन्यात. लक्षणं सुरू झाल्याची तारीख, पहिला डॉक्टर, पहिला सीबीसी, काच पाहिली ती तारीख आणि केंद्रात पोहोचल्याची तारीख, या पाच तारखा वेगळ्या. उशीर घरात झाला की दवाखान्यांत, हे यातूनच कळतं. स्टेरॉइडआधीचा काउंट, कारण १ ते ९ वर्षं वय आणि ५०,०००च्या खाली काउंट ही बी-सेलमधल्या साधारण (स्टँडर्ड) जोखमीची पहिली रेघ आहे. यकृत-प्लीहा सेंटिमीटरमध्ये. वृषणं तपासली का, होय किंवा नाही (हा रकाना रिकामाच सापडतो). मेडियास्टिनम. पाठीच्या पाण्याचा अहवाल: ब्लास्ट नाहीत, ५ पेशींच्या आत ब्लास्ट आहेत, ५ किंवा जास्त पेशींत ब्लास्ट आहेत, आणि सुई रक्ताळली का. फ्लोमध्ये नुसतं 'बी-एएलएल' नको, सीडी१० आहे की नाही हेही हवं. जनुकीय तपासण्यांत किमान बीसीआर-एबीएल, ईटीव्ही६-रनएक्स१ (जनुकांच्या जोडण्या), केएमटी२ए आणि गुणसूत्रांची संख्या. तपासणी झालीच नाही आणि तपासणी निगेटिव्ह आली, यांना वेगवेगळे कोड द्या. ते एक केले तर 'आपल्याकडे ईटीव्ही६-रनएक्स१ कमी' असा खोटा निष्कर्ष निघतो. भारतीय मालिकांत तो पाश्चात्त्यांपेक्षा कमी आढळतो हे खरं, पण तुमच्या आकड्यातला किती भाग न केलेल्या तपासणीचा आहे ते आधी बाजूला काढायला हवं.

शेवटी परिणाम. आठव्या दिवशीचे रक्तातले ब्लास्ट (१,०००च्या खाली म्हणजे स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद) आणि इंडक्शन (उपचाराचा पहिला टप्पा) संपतानाचा उर्वरित आजार (०.०१ टक्क्याखाली आहे का). मृत्यू असेल तर तो संसर्गाने, रक्तस्रावाने की आजार न हटल्याने. आणि उपचार सोडला असेल तर तसं. चार आठवडे किंवा जास्त काळ वैद्यकीय कारणाविना उपचार चुकले तर ते सोडणं धरतात. 'लॉस्ट टु फॉलोअप' लिहून त्या मुलाला हिशेबातून वगळू नका. एएलएलचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. इंडक्शननंतर मूल खेळायला लागतं, केस परत येतात, आणि 'आता बरं आहे' म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत कुटुंब येणं थांबवतं. वाचण्याचं प्रमाण काढताना ती घटना मृत्यू किंवा रिलॅप्सइतकीच (आजार उलटण्याइतकीच) मोजा, नाहीतर तुमचे आकडे चांगले दिसतील आणि मुलं मात्र घरी मरतील.

म्हणून दोन फोन नंबर आणि आशाताईचं नाव हे रकाने पहिल्याच दिवशी भरा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज कधी केला, मंजुरी कधी आली, एसटी-रेल्वेच्या सवलतीचा कागद दिला का, मुक्कामाची सोय कुठे आहे, हेही त्याच पानावर. ठरलेल्या दिवशी मूल आलं नाही तर त्याच दिवशी फोन लावायचा, आणि तो कोण लावणार त्याचं नाव वहीत लिहायचं. मुलीच्या पानावर तर हे आधी.